डावीकडे वळताना

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या गाडीनं आपणहून फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन गेला आमच्या शाळेच्या प्राचार्यबाईंना.

मी उकव्याच्या शाळेत गणित शिकवते आणि आईबाबांसोबत बालाघाटला राहते. सकाळी घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा, असं अठरा वर्षं चाललं आहे. आधी बैहरच्या बसनं, मग स्वतःच्या गाडीनं. घाटात फोनला नेटवर्क नसतं. घाट उतरून नाक्यावरून गावाकडे वळलं की ते परत येतं. त्या दिवशी नाक्यावरून वळले तेव्हा मी मजेत होते आणि मोठ्यानं गात होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाईंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, कल शाम को सब ठीक था ना?" बिचाऱ्यांनी बराच वेळ माझं गाणं ऐकलं होतं.

गाडीच्या स्टिअरिंगवर फोनची चार बटणं आहेत. एक फोन लावायचं आणि उचलायचं, एक ठेवायचं, दोन आवाज कमी-जास्त करायची. फोन पर्समध्ये राहतो, हात स्टिअरिंगवर राहतात. फोन लावायचं बटण जरा वेळ दाबून धरलं तर शेवटी ज्याला फोन केला होता त्याला परत लागतो. आता बटण न दाबताच हे होऊ लागलं. शिवाय आवाज आपोआप शून्यावर जायचा, त्यामुळे रिंगही ऐकू यायची नाही. समोरचा पडदा डोळ्यांवर चमकतो म्हणून मी तो नेहमी काळा करून ठेवते. म्हणजे फोन लागला आहे हे कळायला मला काही मार्गच नव्हता.

प्राचार्यबाईंच्या प्रसंगानंतर मी एक सावधगिरी बाळगली. शाळेतून निघताना सगळ्यात शेवटी घरी फोन करायचा, "आई, निघाली," एवढंच सांगायला. गाडीनं उद्योग केलाच तर फोन आईला जाईल, बाहेर शोभा व्हायची नाही. हे मी मोठ्या हुशारीनं ठरवलं होतं.

आठवडाभरानं फोनमध्ये सहज पाहिलं तर आईच्या नावापुढे रोजचा एक फोन. बारा मिनिटं, चौदा मिनिटं, परत बारा.

"आई, माह्या गाडीतून तुले फोन येते का?"

आई भाजी निवडत होती. "येते कवा कवा. नुसती खरखर असते."

"मंग ठेवून काहून नाही देत?"

"मले वाटते, तू बोलशीन आता."

मला ते पटलं. आईचं वय बहात्तर. फोन आला की तो ठेवायची तिला नेहमीच भीती वाटते, समोरच्याला राग येईल म्हणून.

आता त्या दिवसांत मी गाडीत काय करत होते ते सांगायला हवं.

मी सेहेचाळीस वर्षांची होते आणि मला लग्न करायचं होतं. उकव्याच्या खाणीच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहेत. मूळचे तिरोडीचे, घरची भाषा हिंदी. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नागपूरला शिकते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या एका पोरीला विंचू चावला, मी तिला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर येईपर्यंत ते तिच्याजवळ बसून होते. ती रडायची थांबावी म्हणून तिला सतराचा पाढा म्हणायला लावत होते, आणि स्वतः चुकत होते. ती पोरगी विव्हळत विव्हळत त्यांची चूक दुरुस्त करत होती. मीही केली. तिथून ओळख झाली. पुढं काय आणि कसं ते लांबवत नाही. ज्या वयात माणसं गुडघ्यांबद्दल बोलतात त्या वयात मी दवाखान्याच्या बाकावर बसून एका माणसाच्या डब्यातली भाकरी खायला लागले होते, एवढं पुरे.

घरी सांगणं मात्र जमत नव्हतं. माझ्या लग्नाचा विषय आमच्या घरात वीसेक वर्षांपूर्वी बंद झाला होता. कोणी ठरवून बंद केला नाही. एक स्थळ मोडलं, दुसरं आम्हाला पसंत पडलं नाही, मग बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं, मग भाऊ पुण्याला गेला आणि तिकडचाच झाला. एकेक वर्ष करत लोकांनी विचारणं सोडलं, आणि एक दिवस आईनंही सोडलं. इतक्या वर्षांनी तो विषय मीच कसा काढायचा?

म्हणून मी गाडीत सराव करत होते. घाट उतरला की गाव येईपर्यंत पंधरा मिनिटं मिळतात. रोज मोठ्यानं बोलून पाहायची. कधी अर्ज लिहिल्यासारखं: "आई, बाबा, मले तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलायचं हाये." कधी त्यांच्या गुणांपासून सुरुवात करायची, की माणूस शांत आहे, सुपारीसुद्धा खात नाही. एकदा रागानं: "मी काही लहान नाही, मले कोणाची परवानगी नाही पाहिजे." आणि एकदा असंच बोलता बोलता रडू आलं, तर गाडी बाजूला लावून डोळे पुसत बसले. मग आमच्या गल्लीत वळायची, फाटकाशी हॉर्न द्यायची आणि घरात जाऊन विचारायची, "चहा झाला का?"

गाडी गावातल्या एका मेकॅनिकला दाखवली. त्यानं पाच मिनिटं बटणं दाबून पाहिली आणि पूर्ण म्युझिक सिस्टीमच बदलून टाका म्हणाला. हे मी घरी सांगितलं आणि बाबांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्या ताटातली पोळी उचलून नेली.

बाबा वीज खात्यात होते. चाळीस वर्षं त्यांनी तारा, खांब आणि ट्रान्सफॉर्मर पाहिले. आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. हात अजून स्थिर आहेत, पण कानांनी दगा दिला आहे. कानाचं मशीन घेऊन दिलं तर ते कपाटात, कारण त्यात म्हणे भांड्यांचाच आवाज येतो.

"फॉल्ट कोठी हाये हे न पाहता सामान बदलायचं?" ते म्हणाले. "मी पाहतो. तू फक्त सुट्टीच्या दिवशी हाताशी राह्य."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा सकाळीच जुनं मीटर आणि एक वही घेऊन गाडीत बसले. पहिल्यांदा त्यांनी माझा फोन गाडीपासून तोडायला लावला. मग मला गावात फिरवलं. फोन जोडलेला नसतानाही रेडिओचा आवाज आपोआप खाली जात होता. बाबांनी वहीत लिहिलं, 'फोन निर्दोष.' मला हसू आलं, पण ते गंभीर होते.

मग मला समजावलं. "पाह्य, बटणं चार, पण वायर एकच. प्रत्येक बटण त्या वायरमधी वेगळा अडथळा घालते. तेवढ्यावरून मशीनले समजते, कोणतं दाबलं. वायर मधातच कुठं अर्थिंगले शिवली, तं मशीनले वाटते कोणीतरी बटण दाबलं. दाबलं तं कोणीच नाही."

"म्हणजे शॉर्ट."

"शॉर्ट. पण कायम नाही. कायम असता तं सोपं होतं. हा येते अन् जाते."

येतो कधी आणि जातो कधी, हेच कळेना. आठवडाभर बाबा संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे राहायचे, गाडीत बसायचे, मला दोन-चार चकरा मारायला लावायचे. कधी व्हायचं, कधी नाही. आवाज वर-खाली होतो की नाही हे त्यांना ऐकू यायचं नाही, मी सांगितलं की ते वहीत वेळ लिहायचे. थंडी, ऊन, खड्डे, ब्रेक, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शनिवारी ते जेवतानाही वहीच वाचत होते. वही ताटाच्या बाजूला उघडी होती.

आई पोळी वाढता वाढता म्हणाली, "डावीकडे वळली का होते."

बाबांना ऐकू गेलं नाही. मी चकित होऊन आईकडे पाहिलं. तिनं बाबांच्या कानाशी वाकून परत सांगितलं, "डावीकडे! गाडी डावीकडे जोरात वळली का होते ते."

"तुले काय मालूम?" बाबा म्हणाले.

"सांगितलं ना. पाहून घ्या."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग वहीत पाहिलं. जेवण अर्धं टाकून ते मला घेऊन बाहेर गेले. मैदानात मी गाडी उजवीकडे गोल फिरवली, काही झालं नाही. डावीकडे चाक पूर्ण वळवलं आणि आवाज गेला. परत वळवलं, परत गेला. बाबांनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली, की जणू मीच ते शोधून काढलं होतं.

रविवारी दुपारी त्यांनी अंगणात गाडीचं दार उघडं टाकलं. आधी बॅटरीची एक तार काढायला लावली.

"आता पंधरा मिनिटं कोणी हात नाही लावायचा," ते म्हणाले. "स्टिअरिंगमधी एअरबॅग असते. तार काढली तरी तिच्यात थोडा वेळ करंट राहते. अन् पिवळ्या वायरीकडे तं पाहायचंही नाही." ते घड्याळ काढून ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी बाहेर पायरीवर बसले. आई सुपात तांदूळ घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

ती खडे निवडू लागली. मग खाली मान घालूनच म्हणाली, "ती रागवाली नको सांगजो तुह्या बाबाले. पह्यली बरी होती."

मला आधी समजलंच नाही.

"कोणती पह्यली?"

"महत्त्वाचा विषय वाली." तिनं एक खडा फेकला. "अन् सुपारी खात नाही, हे बी सांगजो. त्याईले आवडन."

माझे कान गरम झाले. "आई, तू तं म्हणत होती खरखर असते!"

"नाक्यावर वळली का फोन येये. तुह्या गाडीच्या वळायच्या दिव्याची टिकटिक ऐकू येये, मंग तू बोलत राह्ये. मधात कुठं वळण नाही. आपल्या गल्लीत वळताना पुन्हा टिकटिक, अन् फोन तुटून जाये. मंग तू फाटकाशी हॉर्न देये. रोज तसंच. दोन्ही वळणं डावीच, म्हणून म्हटलं, डावीकडे."

"सगळं ऐकलं?"

"तीन आठवडे." आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "पह्यल्या दिवशी वाटलं, ठेवून द्यावं. पण बाई, तू इतक्या वर्षांत घरात कवा तशी बोलली नाही. मी इकडं कुकरची शिट्टी झाली तं फोनवर हात ठेवे, तुले आवाज जाईन म्हणून. ज्या दिवशी तू रडली, त्या दिवशी मले तुह्याशी बोलावं वाटलं. 'अवं, मी ऐकून राह्यली' असं. पण मंग वाटलं, तू घाबरून जाशीन, गाडी चालवून राह्यली."

आवाज तर शून्यावर होता. ती बोलली असती तरी मला ऐकू आलं नसतं. हे मी तिला सांगितलं नाही. मी तिच्या सुपात हात घातला आणि तांदूळ निवडू लागले.

"काय बोलून राह्यल्या दोघी?" बाबा गाडीतून ओरडले.

"सांग त्याईले," आई म्हणाली. "जोरात सांग."

"शेजारी ऐकतील."

"ऐकू दे."

मी उठून गाडीच्या दाराशी गेले. तीन आठवडे घासलेलं एकही वाक्य तोंडात येईना. "बाबा," मी ओरडले, "मले लग्न करायचं हाये!"

बाजूच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या घड्याळाकडे.

"अजून सहा मिनिटं हायेत," ते म्हणाले. "बस इथं. सांग."

मी बाजूच्या सीटवर बसले आणि सांगितलं. कोण, कुठला, काय करतो, बायको कशानं गेली, मुलगी केवढी आहे, घरात हिंदी बोलतात, आणि तीन आठवडे गाडीत मी कसा सराव करत होते, हेही सांगितलं. त्यांना ऐकू यावं म्हणून सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, आणि मोठ्यानं सांगताना लाजायला वेळच मिळत नाही. बाबा कान माझ्याकडे करून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "अन् हे तू तीन आठवडे गाडीले सांगत होती?"

"हौ."

"आमाले काहून नाही?"

ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले. मग खूप हळू बोलले, त्यांना स्वतःलाही ऐकू गेलं नसेल इतकं हळू. "आम्हीच विचारायचं सोडलं, बाई. तुह्या पगाराची नाही, तुहीच सवय लागली होती आमाले. सकाळी तू जाते, संध्याकाळी येते. वाटलं, असंच असते."

पंधरा मिनिटं होऊन गेली होती. बाबांनी डोळे पुसले आणि चष्मा चढवला. "चाल. टॉर्च धर."

स्टिअरिंगच्या खालचं प्लास्टिक त्यांनी चार स्क्रू काढून उतरवलं. आतल्या जोडातून बटणांची वायर सोडवली आणि मीटरची एक पिन तिच्यावर, दुसरी बाजूच्या अर्थवर धरली. "आता फिरव. हळूहळू." मी बाजूनं हात घालून चाक उजवीकडे फिरवलं. मीटर गप्प. सरळ केलं, गप्प. डावीकडे ओढत नेलं, आणि शेवटच्या चतकोरात मीटर वाजलं. बारीक, लांब आवाज.

"वाजलं!" आई पायरीवरून ओरडली. बाबांना तो आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं, ते काट्याकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली तेव्हा चेहरा उजळला होता.

"बटण खराब नाही," ते म्हणाले. "बटण चाकासोबतच फिरते, त्याले वळण समजत नाही. ही खालची वायर तं हालतच नाही. मधात एक पट्टी असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. चाक फिरलं का तीच उलगडते अन् गुंडाळते. तिचं कव्हर घासलं. डावीकडे ताणली का आतली तार शेजारच्या अर्थले शिवते." त्यांनी वहीत तारीख घातली, पट्टीचं चित्र काढलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ती बदलायला एअरबॅग काढावी लागते. ते घरी करायचं नाही, हेही त्यांनी लिहिलं.

पट्टी गोंदियाला मिळाली, तिथल्याच वर्कशॉपमध्ये बसवून घेतली. बाबा सोबत आले होते. परत येताना गाडी नीट चालते का पाहायला त्यांनी मला दोनदा विनाकारण डावीकडे वळायला लावलं. मग चहाच्या टपरीजवळ थांबायला सांगितलं. कप हातात घेऊन म्हणाले, "रविवारी बोलाव त्याईले. जेवायले." कपाटातलं कानाचं मशीन त्यांनी खिशात घालून आणलं होतं. टपरीवरच ते कानात घालून त्यांनी सराव सुरू केला. "तू हळू बोल," मला म्हणाले. "पाहू दे, ऐकू येते का."

रविवारी कंपाउंडर आले, मोटरसायकलवर, बारा वाजता सांगितलं होतं तर साडेअकरालाच. मोसंब्यांची पिशवी घेऊन दाराबाहेर उभे राहिले, आत यायला तयार नाहीत. बाबांनी हिंदीत सुरुवात केली, "आइए, आइए," पण पाहुण्यांनी मराठीतच बोलायचं ठरवलं होतं. मी त्यांना कधी मराठीत बोलताना ऐकलं नव्हतं. आमचं सगळं हिंदीतच.

जेवायला बसल्यावर आईनं वांग्याची भाजी वाढली आणि विचारलं, "अजून घेता का?"

"हौ," ते म्हणाले, "थोडीशी घेते मी."

बाबांनी कानातलं मशीन चाचपलं. मला वाटलं आता हसू फुटेल. ते पुढं म्हणाले, "मी भात नंतर घेते," आणि आमच्या चेहऱ्यांकडे पाहून थांबले. काहीतरी चुकलं हे त्यांना कळलं, काय ते कळेना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आईला माझ्या आधी समजलं. तिनं पळी भांड्यात ठेवली. "मराठी घरवालीकडून शिकले का?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. "भंडाऱ्याची होती. वही बोलती थी मेरे साथ." मग परत मराठीत, नीट जुळवून, "जशी ती बोलायची, तशी मी बोलते."

आईनं त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली, न विचारता. "चांगलं बोलता," ती म्हणाली. "कोणाले बदलवू नका देऊ." मग ती त्यांच्या समोर पाटावर बसली आणि त्या बाईबद्दल विचारत राहिली. भंडाऱ्यात घर कुठं होतं, माहेरी कोण कोण, भाजीत तीळ घालायची की शेंगदाणे. ते सांगत होते, मधून मधून डोळ्यांना पाणी येत होतं, आणि जेवत होते. मला ज्या गोष्टी विचारायचा धीर कधी झाला नव्हता त्या सगळ्या मला त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरात कळल्या. तीळ घालायची.

फेब्रुवारीत आम्ही कोर्टात लग्न केलं. त्यांची मुलगी आली, भाऊ पुण्याहून आला. आता सोमवार ते शनिवार मी उकव्याला राहते, शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं घाट उतरतो. आईनं एकदा त्यांना म्हटलं, भंडाऱ्यावालीचा फोटो आणजा, आमी पाह्यलाच नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी तो कागदात गुंडाळून आणला. आईनं चष्मा लावला, दाराच्या उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला, आणि म्हणाली, "गोड हाये पोरगी."